तुतवाराला ठिपके आले

“रूबी, पालथं पड म्हटलं की पालथं पडायचं. मेंढीसारखी मान वर काढू नकोस,” मॅग्नी दातओठ खात कुजबुजला.

“मेंढी तू. आणि माझ्या बाहीत पाणी शिरलंय.”

“शिरू दे. तो उडाला ना, तर मी तुला आयुष्यभर माफ करणार नाही.”

“मागच्या आठवड्यात पण तू हेच म्हणाला होतास, मी तुझं बिस्कीट खाल्लं तेव्हा,” रूबीनं त्याला आठवण करून दिली. पण मान मात्र खाली घातली.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडची बेटं आहेत; त्यांतल्या ग्रोना बेटाच्या उत्तर टोकाला समुद्रानं गोलगोल गोट्यांचा एक लांबलचक बांध रचून ठेवला आहे. त्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याचं तळं. त्या बांधावर तिघं जण ओल्या कपड्यांनिशी आडवी झाली होती. तेरा वर्षांचा मॅग्नी, त्याची नऊ वर्षांची बहीण रूबी आणि त्यांच्या शेजारची ओस्ला, जिला नुकतं बारावं लागलं होतं. शाळेला बटाट्यांची सुट्टी होती. पूर्वी म्हणे मुलांनी घरच्या शेतातले बटाटे काढू लागावेत म्हणून ऑक्टोबरात ही सुट्टी देत. आता बटाटे यंत्र काढतं, पण म्हणून कोणी सुट्टी परत मागितलेली नाही.

सोमवारी आणि मंगळवारी वादळानं बेटाला नुसतं झोडपून काढलं होतं. कोंबड्यांच्या खुराड्यांची छपरं गेली, विजेच्या तारा गेल्या, चर्चच्या आवारात कोणाचा तरी कचऱ्याचा डबा येऊन पडला तो अजून कोणी ओळखला नव्हता. लर्विक बंदराहून येणारी बोट बंद. मोठी माणसं डोक्याला हात लावून बसली होती आणि मॅग्नी मात्र बुधवारी उजाडल्यापासून हवेत होता. कारण ऑक्टोबरातलं असलं वादळ अमेरिकेहून दक्षिणेला निघालेल्या पाखरांना उचलतं आणि सबंध महासागर ओलांडून शेटलंडच्या दारात आणून टाकतं. एरवी जन्मात दिसायचा नाही असा पक्षी तुमच्या घरामागच्या डबक्यात चरताना सापडू शकतो.

आणि तो सापडला होता. तळ्याच्या काठावर मुठीएवढा एक पक्षी तुरुतुरु चालत होता. पाठ तपकिरी, पोट दुधासारखं पांढरं. शेपूट एकसारखी वरखाली, वरखाली.

“ठिपकेवाला तुतवार,” मॅग्नीचा आवाज चक्क कापत होता. “अमेरिकेतला. आपल्या बेटावर याआधी कोणीच पाहिलेला नाही.”

रूबीनं त्याच्या हातून दुर्बीण ओढून घेतली. “ठिपके कुठायत?”

“ते उन्हाळ्यात असतात. आता जुनी पिसं झडून पांढरी आलीत. वसंतापर्यंत एकसुद्धा ठिपका येणार नाही.”

“मग आत्ता ठिपकेवाला कशाला म्हणायचं? तुला टक्कल पडलं तरी आम्ही तुला केसाळ म्हणायचं का?”

 मॅग्नी फोनवर फोटो काढू लागला. एका फोटोत पक्षी बरोबर समोरून आला, कोरं करकरीत पोट दाखवत. एरवी ओस्ला या दोघांच्या भांडणात तेल ओतायला सगळ्यांत पुढे असे. आज तिचं लक्षच नव्हतं. ती खाडीकडे तोंड करून पडली होती. खाडीच्या पलीकडे धक्का होता आणि धक्क्याशेजारी पाण्यातून एक डोलकाठी तिरपी वर आली होती. ती ओस्लाच्या घरच्या बोटीची होती.

टिरिक ही बोट ओस्लाच्या आजोबांनी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधली होती. तिचे बाबा, अँड्रा, त्याच बोटीतून खेकडे आणि शेवंड पकडायला जात. मंगळवारच्या वाऱ्यात तिचे दोर तुटले, ती धक्क्यावर आपटली आणि बुडाली. बाबा फक्त एवढंच म्हणाले होते की लाकूड धडधाकट आहे, समुद्र शांत झाला की मोठी भरती बघून तिला वर घेऊ. ओस्ला त्या एका वाक्याला धरून होती.

गुरुवारी सकाळी ते वाक्यही हातचं गेलं.

खाडीच्या पाण्यावर डिझेलचा तवंग दिसला. तो नेमका गिबी गुडलॅडच्या शिंपल्यांच्या दोरांकडे सरकत होता. गिबीकाकांची शिंपल्यांची शेती म्हणजे खाडीत ओळीनं तरंगणारी मोठमोठी पिंपं आणि त्यांच्याखाली लोंबणारे शिंपल्यांनी लगडलेले दोर. डिझेलचा वास लागलेला शिंपला कोण खाणार? गिबीकाका धक्क्यावर आले तेच लाल होऊन. मनानं माणूस वाईट नव्हता, पण आवाज असा की बेटाच्या त्या टोकाला कुत्री भुंकू लागत.

ओस्लाच्या बाबांनी शांतपणे सांगितलं, की टिरिकची टाकी झिरपत होती, म्हणून वादळाच्या आधीच त्यांनी सगळं डिझेल काढून घेतलं होतं. बोटीत थेंबभर नाही.

“असं का?” गिबीकाका म्हणाले. “मग हे काय, समुद्राला घाम फुटलाय?”

चारदोन माणसं हसली. बाबा हसले नाहीत आणि पुढे बोललेही नाहीत. चार लोकांत आवाज चढवणं त्यांना कधी जमलंच नाही. टाकी रिकामी करताना पाहणारं कोणी नव्हतं आणि आता ती पाण्याखाली होती. धक्का समितीची तिथंच उभ्या उभ्या बैठक झाली. समितीच्या प्रमुख मीमामावशी, म्हणजे शाळेच्या जुन्या मोठ्या बाई, म्हणाल्या की दोन दिवस वाट पाहू. पण धक्क्याच्या दुरुस्तीसाठी आलेला क्रेनचा तराफा शनिवारी दुपारी परत जाणार होता. तवंग वाढत चाललेला दिसत होता. बोट डिझेल ओकत असेल तर तिला पाण्यात ठेवून चालणार नाही, यावर शेवटी सगळ्यांनी माना डोलावल्या. शनिवारी क्रेनच्या लोखंडी पंजानं टिरिकला उचलायचं ठरलं.

पंजा म्हणजे काय ते ओस्लाला माहीत होतं. तो दगड उचलायला केलेला असतो. लाकडाची बोट त्यात धरली की काड्यापेटीसारखी चुरडते.

त्या रात्री आईनं खारवलेल्या मटणाचं सूप केलं होतं. बाबा ताटलीतला बॅनक, म्हणजे जाड पाव, कुस्करत बसले, खाल्ला नाही. ओस्लाच्या मनात दिवसभर एक प्रश्न कुरतडत होता आणि तो विचारायची तिला लाज वाटत होती. तरी तोंडातून निघून गेलाच.

“बाबा, टाकी नक्की रिकामी केली होती ना?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. “केली होती,” ते म्हणाले आणि उठून खिडकीपाशी गेले. तिथून काळोखात काहीच दिसत नव्हतं, तरी बराच वेळ उभे राहिले.

शुक्रवारी मॅग्नीनं तिला जवळजवळ ओढतच तळ्यावर नेलं. तिला यायचं नव्हतं. घरी बसून रडलीस तर बोट वर येणार आहे का, असं त्यानं विचारलं. मॅग्नीची समजूत घालायची पद्धत ही अशी.

तुतवार तिथंच होता. पण आज तो चरत नव्हता. एका दगडावर बसून पोटाची पिसं चोचीनं ओढत होता, पुन्हा पुन्हा, जणू काही टोचतंय.

“अय्या, आले की याला ठिपके!” रूबी दुर्बिणीतून बघत म्हणाली.

“काहीतरी बडबडू नकोस. सांगितलं ना, वसंतापर्यंत येत नाहीत.”

“पक्ष्याला सांग ते. मला काय सांगतोस?”

मॅग्नीनं दुर्बीण घेतली आणि पाहतच राहिला. त्याचा चेहरा उतरला. त्या पांढऱ्या पोटावर खरंच डाग होते. काळपट, चिकट. पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या.

“डिझेल आहे हे,” तो हळूच म्हणाला. “आणि तो चोचीनं काढतोय. पोटात जाणार त्याच्या.”

ओस्ला उठून बसली.  “मॅग्नी, हा खाडीवर जातो का कधी?”

“कशाला जाईल? बुधवारपासून इथंच आहे. त्याला गोड्या पाण्याचा काठ लागतो.”

“मग डिझेल तळ्यात कुठून आलं?”

“खाडीतूनच येणार. टिरिक...” एवढं बोलून तो थांबला.

“खाडीतलं पाणी तळ्यात येतं कधी?” ओस्लानं विचारलं. तिचे शब्द एकमेकांवर आदळत होते. “तळ्याचं पाणी ओहोळातून खाडीत जातं. उलटं येत नाही. लाटा बांधावरून आल्या त्या मंगळवारी. आणि बुधवारी याचं पोट कोरं होतं. तुझ्याकडे फोटो आहे.”

मॅग्नीनं फोन काढला. फोटोतलं पोट दुधासारखं पांढरं होतं. 

“म्हणजे डिझेल इथून खाडीत चाललंय,” रूबीनं सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

तळ्याला त्यांनी पूर्ण वळसा घातला. डोंगरातून येणारा झरा स्वच्छ होता, मेंढ्या खुशाल तिथं पाणी पीत होत्या. पलीकडच्या काठावरही काही नाही. पण जिथून ओहोळ खाडीकडे निघतो त्या कोपऱ्यात पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग पसरलेले दिसले आणि नाकात वास भरला. गोट्यांमधून एक काळा ओला पट्टा खाली उतरला होता. तो पट्टा बोटानं धरून वर वर जावं तसं ओस्लानं नजरेनं वर पाहिलं.

बांधाच्या माथ्यावर एक ढीग होता. वाहून आलेल्या फळ्या, माशांच्या पेट्या, निळा दोर, सगळ्यावर घट्ट ओढलेली जुनी जाळी. पट्टा त्याच्याच खालून निघाला होता; आत वाहून आलेलं डिझेलचं पिंप असणार. आणि जाळीच्या वर एक चपटा पांढरा दगड.

रूबी जाळीकडे धावली. ओस्लानं तिचा हात मनगटापाशी पकडला, इतका जोरात की रूबी कळवळली.

“दगड दिसत नाही का तुला?”

रूबीनं हात मागे घेतला. ग्रोनावर घराला कुलूप नसतं, सायकलला नसतं, आणि किनाऱ्यावरच्या ढिगालाही नसतं; तिथं दगड पुरतो. वादळानंतर किनाऱ्यावर समुद्र जे टाकेल ते पहिल्यांदा जो भरतीच्या रेषेच्या वर ओढेल त्याचं. वर एक दगड ठेवला की झालं. मग महिनाभर का पडेना, कोणी शिवणार नाही. आत काय आहे म्हणून डोकावणंसुद्धा हलकेपणाचं समजतात. ओस्लाचे आजोबा दगड हलवणाऱ्या एका माणसाच्या पंगतीला मरेपर्यंत बसले नव्हते. गेल्या दोन दिवसांत अर्धं गाव या बांधावरून लाकडं शोधत गेलं असणार. वास कोणाला आला नसेल असं नाही. पण दगड दिसला की माणूस मान वळवून पुढे जातो. आपल्याकडची ही सभ्यताच अशी, की नाकासमोरचं पिंप दिसू नये.

“एक कोपरा उचलून बघू,” मॅग्नी म्हणाला. “कोणाला कळतंय?”

“मला कळेल. आणि उद्या सगळ्यांना कळेल. म्हणतील, अँड्राच्या पोरीनं दुसऱ्याच्या ढिगाला हात लावला. त्याच्या पुढचंही म्हणतील. बापाला वाचवायला पिंप हिनंच आणून ठेवलं.” ओस्लाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिनं ते बाहीनं पुसलं. “ज्याचा दगड आहे त्यानंच उचलला पाहिजे. सगळ्यांसमोर.”

“मग तुझ्या बाबांना सांगू.”

“बाबांना सांगितलं तर ते येऊन जाळी फाडून टाकतील. आता त्यांचं डोकं ठिकाणावर नाही.”

“पण ज्याचा आहे तो कशाला कबूल होईल?” मॅग्नीनं विचारलं. “डिझेलचं नाव काढलं की सगळे मुके होणार.”

रूबी गोट्यांवर फतकल मारून बसली होती. ती म्हणाली, “मग डिझेलचं नाव काढायचंच नाही.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“आजीच्या खुराड्याचं छप्पर उडालंय. फळ्या किती छान आहेत. मी मागते ना.”

मॅग्नीनं आपल्या बहिणीकडे पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं, आणि ते तिच्या लक्षात येऊ नये म्हणून लगेच तिची टोपी तिच्या नाकावर ओढली. ओस्ला विचार करत होती. सगळं गाव शनिवारी धक्क्यावर असेल. तिथं विचारायचं. कोणी ‘माझा’ म्हणालं तर मालक सापडला. कोणीच म्हणालं नाही तर दगडाला मालक नाही, आणि बिनमालकाचा ढीग चारचौघांदेखत कोणीही उघडू शकतं. दोन्हीकडून रस्ता होता. पण आयत्या वेळी सगळं फसलं तर टिरिकच्या फळ्या मोजायलाही उरणार नाहीत, हे ती जाणून होती. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

शनिवारी धक्क्यावर क्रेनचं इंजिन धडधडत होतं. पंजा साखळीला लटकून डुलत होता. बाबा धक्क्याच्या टोकाला एकटेच उभे होते, हात खिशात. त्यांच्याजवळ कोणी जात नव्हतं. जाऊन बोलणार तरी काय? मीमामावशीसुद्धा चष्मा पुसत राहिल्या होत्या.

रूबीनं विचारलं, पण इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं कोणाच्या कानावर गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. एका माणसानं तिच्या हातात खिशातली गोळी ठेवली आणि बाजूला हो म्हणाला. पंजा पाण्याच्या दिशेनं वळायला लागला.  तिनं रूबीला कमरेला धरून माशांच्या पेटीवर उभं केलं आणि स्वतः क्रेनवाल्यासमोर जाऊन दोन्ही हात वर केले. पोरगी मध्ये आलेली पाहून त्यानं शिव्या घालत इंजिन मंद केलं.

“तळ्याजवळच्या ढिगावर कोणाचा दगड आहे?” रूबी बेंबीच्या देठापासून ओरडली. “आमच्या आजीच्या कोंबड्यांना छप्पर नाहीये. कोणाचाच नसेल तर आम्ही फळ्या नेतो.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, आता काय वेळ आहे का हे विचारायची. 

“ए पोरी,” गर्दीतून ओळखीचा आवाज गरजला. “हात लावायचा नाही. दगड माझा आहे. बुधवारी पहाटे मी स्वतः ओढलंय ते सगळं.”

गिबीकाका.

ओस्लाला वाटलं होतं कोणीही असेल, पण हे नाव तिच्या मनात आलंच नव्हतं.  रूबी मात्र थांबली नाही. “सगळं?” तिनं भाबडेपणाचा आव आणून विचारलं. “फळ्या पण? पेट्या पण?”

“फळ्या, पेट्या, दोर. आणि पिंप. ते तर मुळीच नाही द्यायचं, ट्रॅक्टरला वर्षभर...”

वाक्य तिथंच राहिलं. गिबीकाकांचं तोंड उघडंच होतं. ते खाडीकडे वळले, तवंगाकडे बघितलं, मग ओहोळ जिथं खाडीला मिळतो तिकडे बघितलं. इतकी वर्षं त्या पाण्यावर जगलेल्या माणसाला ओहोळ कुठून येतो ते कोणी सांगायला नको होतं.

“पिंपात काय आहे, गिबीकाका?” ओस्लानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक निघाला, पण क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं होतं आणि धक्क्यावर सगळ्यांना तो ऐकू गेला.

 गिबीकाका टोपी डोक्यावर ओढून चालू लागले आणि त्यांच्यामागे सगळं गाव निघालं. बांधावर पोचल्यावर त्यांनी आपला दगड आपल्या हातानं उचलून बाजूला ठेवला आणि जाळी सोडली. फळ्यांखाली लोखंडी पिंप आडवं पडलं होतं. त्याची शिवण बोटभर उकलली होती आणि तिच्यातून अजून थेंब थेंब गळत होतं.

गोट्यांवरून ओढताना फाटलं असणार, असं ते पुटपुटले. अंधारात दिसलं नाही, जाळी टाकली आणि शिंपल्यांचे दोर सावरायला पळालो. ते हे कोणाला सांगत होते कोण जाणे. कोणी त्यांना विचारलं नव्हतं. आपल्याच पिंपानं आपलेच शिंपले नासवून त्यांनी तीन दिवस दुसऱ्याच्या नावानं शंख केला होता, आणि आता तो आवाज कुठं गेला होता कळत नव्हतं. मॅग्नीनं मीमामावशींना फोनवरचा बुधवारचा फोटो दाखवला आणि दुर्बीण त्यांच्या हातात देऊन दगडावरचा तुतवार दाखवला. 

मग त्यांनी क्रेनवाल्याला तराफा रिकामा घेऊन जायला सांगितलं. आणि सगळ्यांसमोर तिन्ही मुलांच्या पाठीवरून हात फिरवला.

“बारीक नजर पुष्कळांना असते,” त्या म्हणाल्या. “पण पुराव्यापाशी उभं राहून हात आवरायला मोठ्या माणसांनाही जमत नाही. ते या पोरांना जमलं. आजपासून या बेटावर पिंपावर ठेवलेला दगड चालणार नाही. पिंप दिसलं की कोणीही उचलून बघायचं.”

सगळ्यांनी हो म्हटलं. क्रेनवाल्यानंही म्हटलं, त्याचा काही संबंध नसताना. बाबा गर्दीच्या मागे उभे होते. ते पुढे आले, ओस्लाचे गार पडलेले हात स्वतःच्या हातांत घेतले आणि ऊब येईपर्यंत सोडले नाहीत.

मीमामावशींनी त्याच दुपारी जाळं लावून तुतवाराला पकडलं. कोमट पाण्यात साबण घालून त्याचं पोट धुतलं आणि बुटाच्या खोक्यात घालून चुलीजवळ ठेवलं. मॅग्नी खोक्याशेजारून हलला नाही. पण विष आत गेलं होतं. रविवारी उजाडायच्या आधी पक्षी गेला. मीमामावशी म्हणाल्या, तो नसता तर कोणाला काही कळलं नसतं. मॅग्नी म्हणाला की कळलं नसतं तरी चाललं असतं, आणि मग ओस्लाकडे बघून गप्प झाला. तिला त्याचा राग आला नाही. सबंध महासागर ओलांडून आलेलं एवढंसं पाखरू ग्रोनावर येऊन मेलं, याचं तिलाही वाईट वाटत होतं आणि त्यावर काही उपाय नव्हता.

रविवारी समुद्र शांत झाला. सकाळच्या ओहोटीला गिबीकाका आपल्या शिंपल्यांच्या दोरांवरची तरंगती पिंपं सोडवून धक्क्याशी घेऊन आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते गळ्याएवढ्या पाण्यात उतरले आणि पिंपं एकेक करून टिरिकच्या दोन्ही बाजूंना बांधू लागले. बाबा दुसऱ्या बाजूनं दोर ओढत होते. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. भरती चढली तशी पिंपं करकरली, दोर ताणले आणि डोलकाठी हळूहळू सरळ झाली. मग छप्पर आलं, मग नाव रंगवलेली कड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओस्लाला टाळ्या वाजवता आल्या नाहीत, ती रडत होती. बाबांनी टाकीचं झाकण उघडलं आणि आत गज घालून वर काढला. गजाला नुसतं खारं पाणी होतं. त्यांनी तो कोणालाच दाखवला नाही, तसाच खाली ठेवला. गिबीकाका तोवर निघून गेले होते.

संध्याकाळी घरी सूप वाढलं जात असताना दार वाजलं.

सगळे दचकले. ग्रोनावर दार कोणी वाजवत नाही. माणूस हाक मारत सरळ आत येतो आणि चुलीपाशी बसतो. दार वाजवतात ते फक्त परके. आईनं बाबांकडे पाहिलं. ओस्ला उठली आणि तिनं दार उघडलं.

बाहेर गिबीकाका उभे होते, टोपी हातात. उंबऱ्यापासून चांगलं हातभर अंतर ठेवून.

“ओस्ला,” ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की त्यांचा वाटत नव्हता. “दगड माझा आहे हे तुला आधी कळलं असतं, तर तू असंच केलं असतंस? सगळ्यांसमोर?”

ओस्लानं खरंच विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “आधी तुमच्या घरी येऊन विचारलं असतं.”

गिबीकाकांनी मान हलवली. 

“मी मात्र नाही आलो तेव्हा तुझ्या बाबांना विचारायला,” ते म्हणाले.

“दारात कोण आहे?” आतून बाबांनी विचारलं.

“गिबीकाका आहेत. दार वाजवलं त्यांनी.”

आत चमचा ताटलीवर ठेवल्याचा आवाज आला.  

“त्याला सांग,” बाबा म्हणाले, “या घराचं दार वाजवायची पद्धत नाही. आणि सूप निवतंय म्हणावं.”

ओस्ला बाजूला झाली. गिबीकाका डोकं वाकवून आत आले आणि आईनं त्यांच्यासाठी आणखी एक वाडगा काढला.